अडकण्यासाठी चार आठवडे

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात मे महिना कधी रिकामा नसतो. वैशाखात शिरगावच्या लईराईची जत्रा असते. व्रतस्थ धोंड पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालतात, आणि ज्या घरात धोंड असतो त्या घरात त्या दिवसांत दुसरा विषय निघत नाही. तिकडे पेडण्यात मानकुराद आंबा उतरवायची घाई, काजूच्या बागेतली शेवटची कामं, पाऊस पडण्याआधी शाकारून घ्यायचं छप्पर, आणि एकाच मुहूर्तावर तीन ठिकाणची लग्नं. अशा दिवसांत बी.एससी.च्या दुसऱ्या वर्षातली मुलगी घरी सांगते की मला महिनाभर परराज्यात गणिताच्या शिबिराला जायचंय. घरातून पहिला प्रश्न येतो, "कित्याक? नापास झालंय?"

या प्रश्नाला मी हसत नाही. आपल्याकडे सुट्टीत अभ्यासाला बसवतात ते मागे पडलेल्या मुलाला. ज्याला गणित येतं त्याने सुट्टीत पुन्हा गणितच का करावं, हे कुणी कधी समजावून सांगितलेलंच नाही. म्हणून हा लेख आधी त्या घरांसाठी आहे, आणि मग त्या मुलांसाठी.

१९८३ साली भारत सरकारने अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळ स्थापन केलं. एनबीएचएम या आद्याक्षरांनीच ते सगळीकडे ओळखलं जातं. दहा वर्षांनी, १९९३ मध्ये, प्राध्यापक एस. कुमारेसन यांनी या मंडळाच्या आर्थिक पाठबळावर उन्हाळ्यातला एक प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला. ते तेव्हा मुंबई विद्यापीठात शिकवत होते, पुढे हैदराबादला गेले. मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च असं त्या कार्यक्रमाचं नाव, बोलताना नुसतं एमटीटीएस. चार आठवडे, मे-जूनचे. पदवीच्या मुलांपासून एम.एससी.च्या मुलांपर्यंत वेगवेगळ्या पातळ्यांचे वर्ग. विषय तेच, जे आपल्या महाविद्यालयांतही असतात: वास्तव विश्लेषण, रेषीय बीजगणित, गट, संख्या सिद्धांतातल्या पायाभूत गोष्टी. नवीन विषय शिकायचे म्हणून कुणी तिथे जात नाही.

वेगळी असते ती शिकवायची रीत. शिक्षक व्याख्या फळ्यावर लिहून पुढे सरकत नाहीत. ते विचारतात, ही व्याख्या अशीच का? यातली एक अट काढली तर काय बिघडेल? एक उदाहरण दे. आता या व्याख्येत न बसणारं एक उदाहरण दे. मुलगा फळ्यापाशी उभा, हातात खडू, आणि दहा मिनिटं काहीच सुचत नाही. आमच्या वर्गांत अशी दहा मिनिटं गेली तर शिक्षकालाच घाम फुटतो, कारण पोर्शन संपवायचा असतो. सत्र पद्धतीत तर दिवाळीच्या आत अर्धा विषय उरकावा लागतो. शिबिरात ती दहा मिनिटं मुलाला मिळतात, आणि रात्री त्याच प्रश्नावर खोलीतल्या मुलांबरोबर आणखी दोन तास.

माझ्या मते शिबिराचं खरं देणं हेच. तिथे मुलाला अडकून राहण्याची मुभा मिळते.

अडकणं म्हणजे काय, ते उदाहरणानेच सांगतो. शिरगावच्या जत्रेत कुठलीही सहा माणसं एका झाडाखाली उभी राहिली आहेत. त्यांतले कोणतेही दोघे एक तर एकमेकांना ओळखतात किंवा ओळखत नाहीत. दावा असा: या सहांत तिघं असे नक्की सापडतील, जे एक तर सगळे एकमेकांचे ओळखीचे आहेत किंवा सगळे एकमेकांना अनोळखी आहेत. माणसं कुठूनही आलेली असोत, हे टळत नाही.

बहुतेक मुलं आधी चित्रं काढायला लागतात. सहा ठिपके, ओळखीला सरळ रेघ, अनोळखीला तुटक रेघ. दहा चित्रं काढून होतात, दहांत ते खरं ठरतं. पण एकूण रेघा १५ आणि प्रत्येक रेघ दोन प्रकारची, म्हणजे शक्यता ३२,७६८. सगळी चित्रं काढायला बसलं तर जत्रा संपेल. इथे मुलगा अडकतो आणि इथेच त्याला सोडून द्यायचं असतं. कधी तरी, बहुधा जेवताना, त्याच्या लक्षात येतं की सहा जणांकडे एकदम पाहायची गरजच नाही, एकाकडे पाहिलं तरी पुरे. त्याला धोंड म्हणू. उरलेल्या पाचांपैकी किमान तिघं तरी धोंडाच्या ओळखीचे असतील, किंवा किमान तिघं तरी अनोळखी. समजा तिघं ओळखीचे आहेत. त्या तिघांतले कुणी दोघे एकमेकांना ओळखत असतील, तर ते दोघे आणि धोंड मिळून तिघांचं ओळखीचं टोळकं झालं. आणि त्यांतलं कुणीच कुणाला ओळखत नसेल, तर ते तिघंच अनोळखी. तिघं अनोळखी धरले तरी हाच विचार उलटा लावायचा. ३२,७६८ चित्रं चार वाक्यांत संपली.

हे उत्तर वाचायला तुम्हाला एक मिनिट लागलं असेल. ज्याने ते दोन दिवस अडकून स्वतः शोधलं त्याच्या हाती वेगळंच काही लागलेलं असतं. तो पुढचा प्रश्न स्वतःच विचारतो: तिघांऐवजी चौघं हवे असतील तर किती माणसं लागतील? उत्तर आहे १८. आणि पाच हवे असतील तर? नेमका आकडा जगात अजून कुणालाच ठाऊक नाही. किमान ४३ माणसं तरी लागतात, एवढं १९८९ साली सिद्ध झालं. पेडण्याच्या कदंब बसमध्ये मागच्या सीटवर बसलेल्या मुलीला जेव्हा कळतं की आपण काल ज्या प्रश्नाशी झटत होतो त्याच्या तिसऱ्याच पायरीवर सगळं जग थांबलेलं आहे, तेव्हा गणित हा उत्तरं पाठ करायचा विषय तिच्यापुरता संपतो.

अडकून राहायला चांगली सोबतही लागते. अशा सोबतीचा एक मोठा दाखला गोव्याच्याच घरातला आहे. सांकवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ मध्ये संस्कृत शिकण्यासाठी घर सोडून पुण्याला गेले आणि तिथून बौद्ध धर्माच्या शोधात काशी, नेपाळ, श्रीलंका फिरले. त्याच १८९९ साली दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे केंब्रिजला गणितात पहिले, म्हणजे सीनियर रँग्लर झाले. कोकणपट्टीतली दोन माणसं, दोन अगदी वेगळ्या वाटा, पण विद्या घराबाहेर आहे हे दोघांनाही उमगलेलं. धर्मानंदांचे पुत्र दामोदर यांचा जन्म १९०७ मध्ये गोव्यात झाला. अकराव्या वर्षी ते वडिलांबरोबर अमेरिकेला गेले. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेतली. डॉक्टरेट त्यांनी कधीच केली नाही.

परत आल्यावर ते आधी बनारसला होते. मग १९३१ मध्ये अलीगढला गेले, कारण तिथे गणित विभाग चालवायला आंद्रे वेइल नावाचा पंचविशीतला फ्रेंच तरुण आला होता. वेइल पुढे विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या गणितींपैकी एक ठरला. त्याच सुमारास गणिती विजयराघवनही त्याच विभागात होते. तिघांचीही उमर विशी-तिशीतली. याच संगतीत कोसंबींनी १९३१ मध्ये एक लेख लिहिला आणि त्यात एक सिद्धांत बुर्बाकी नावाच्या, मुळात अस्तित्वातच नसलेल्या रशियन गणितीच्या नावावर घातला. काही वर्षांनी वेइल आणि त्याच्या फ्रेंच मित्रांनी निकोला बुर्बाकी या एकाच टोपणनावाने सगळं आधुनिक गणित नव्याने लिहायला घेतलं. गणिताच्या छापील वाङ्मयात बुर्बाकी हे नाव पहिल्यांदा आलं ते कोसंबींच्या त्या लेखात. अलीगढमधला तो काळ फार लांबला नाही, १९३२ मध्ये वेइलला तिथून जावं लागलं. पण चांगल्या संगतीचा एखादा हंगाम माणसाला किती पुरतो, ते कोसंबींच्या पुढच्या आयुष्यात दिसतं. फर्ग्युसनला असताना १९४३ मध्ये त्यांनी फलनांच्या अवकाशावर लिहिलेला संख्याशास्त्रातला लेख, १९४४ मध्ये जनुकांमधलं अंतर मोजण्यासाठी दिलेलं सूत्र, जे अनुवंशशास्त्रात आजही त्यांच्याच नावाने वापरतात, आणि पुढे टाटा इन्स्टिट्यूटमध्ये असताना पुण्याहून डेक्कन क्वीनने केलेली रोजची ये-जा.

गोव्यात त्यांच्या नावाने दरवर्षी विचारांचा महोत्सव भरतो. इतिहासकार कोसंबी तिथे पुष्कळ भेटतात. गणिती कोसंबी आमच्या मुलांना त्या मानाने कमी भेटतात, याची मला खंत आहे.

आता नकाशा पाहू. पेडण्यातलं विर्नोड्याचं सरकारी महाविद्यालय संत सोहिरोबानाथ आंबिये यांच्या नावाने आहे आणि ते कला-वाणिज्य शाखांसाठी उभं राहिलं. विज्ञान शिकायचं असेल तर मांद्रे, कोरगावच्या मुलांची सकाळची बस म्हापशाला किंवा आसगावला जाते. डिचोली तालुक्यात साखळीच्या सरकारी महाविद्यालयात विज्ञान आहे. एम.एससी. करायची तर ताळगावच्या पठारावरचं गोवा विद्यापीठ. अंतरं फार नाहीत, गोवा छोटा आहे. मोप्याच्या पठारावर २०२३ च्या जानेवारीपासून विमानंही उतरू लागली. पण म्हापशाहून संध्याकाळची बस चुकेल म्हणून जो मुलगा शेवटचा तास अर्धवट सोडून उठतो, त्याला तासानंतर शिक्षकापाशी थांबून एक प्रश्न विचारायची सवड नसते. शिबिरात त्याला पहिल्यांदा असे दिवस मिळतात ज्यांत बस नसते.

मी स्वतः अशा शिबिराला गेलेलो नाही. माझ्या विद्यार्थिदशेत एका महाविद्यालयाच्या फलकावर एक पत्रक लागलं होतं, खाली अर्जाची तारीख होती. ती होऊन बारा दिवस झाले होते. पत्रक आलेलं असणार वेळेवरच, फलकापर्यंत यायला उशीर झाला. पुढे शिक्षक झाल्यावर मी स्वतःला एक नियम घातला: अशी पत्रकं आधी वर्गात वाचायची, मग फलकावर लावायची.

अर्ज भरायचे असतात ते थंडीत, उन्हाळ्यात नव्हे. डिसेंबर ते मार्चच्या आसपास बहुतेकांच्या तारखा असतात, काहींच्या त्याही आधी. आणि नेमका तोच काळ आमच्याकडे फेस्तांचा, जत्रांचा आणि कॉलेजच्या गॅदरिंगचा. मुलांना मी सांगतो की मे महिन्याचा विचार दिवाळीतच करा. शिफारसपत्र लिहिणाऱ्या शिक्षकाने तुम्हाला ओळखायला हवं. तीनशे मुलांतला रोल नंबर म्हणून ओळखणं चालत नाही. त्यासाठी आधी दोन-तीन वेळा त्यांच्या खोलीत जाऊन काहीतरी विचारलेलं असावं लागतं.

एमटीटीएसखेरीज दुसरे दरवाजेही आहेत, ते थोडक्यात सांगतो. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. त्यात निवड झालेला विद्यार्थी दोनेक महिने देशातल्या एखाद्या संशोधकाच्या हाताखाली काम करतो. तिथे शिक्षकांनाही अर्ज करता येतो, हे आमच्या बऱ्याच शिक्षकांना ठाऊक नसतं. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटचा पाहुण्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन कार्यक्रम आहे. एम.एससी.नंतर पुढे जाणाऱ्यांसाठी राष्ट्रीय गणित केंद्राच्या शाळा आहेत, ज्या अभ्यासक्रमातल्या फटी भरून काढतात. पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापन केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. पेडण्याहून रात्रीच्या बसने निघालं तर सकाळी पुणं. परदेशात बुडापेस्टला १९८५ पासून, आणि अमेरिकेत सरकारी खर्चाने १९८७ पासून पदवीच्या मुलांसाठी असे कार्यक्रम चालू आहेत. पण आमच्या मुलांनी आधी पुणं, मुंबई, हैदराबाद पाहावं असं माझं मत. तिथे खर्च कमी आणि भेटणारी मुलं आपल्यासारखीच, कुणी नांदेडची, कुणी धारवाडची, कुणी केरळातल्या खेड्यातली. राहण्या-जेवण्याचे, प्रवासखर्चाचे नियम दरवर्षीच्या पत्रकात वाचावेत, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

एका दाराविषयी मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण ते पहिल्यांदा ठोठावायला सगळ्यांत सोपं आहे. पुण्याचं स. प. महाविद्यालय आणि मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मिळून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी माधव गणित स्पर्धा घेतात, त्यालाही एनबीएचएमचंच पाठबळ आहे. ज्यांची कामगिरी चांगली होते त्यांच्यासाठी नंतर शिबिर असतं. स्पर्धेला नाव आहे केरळातल्या संगमग्रामच्या माधवाचं, चौदाव्या-पंधराव्या शतकातलं. एकातून एक-तृतीयांश वजा करा, एक-पंचमांश मिळवा, एक-सप्तमांश वजा करा, असं विषम संख्यांनी करत गेलं की पायचा चौथा भाग मिळतो, हे त्याच्या परंपरेने युरोपच्या दोनशेहून अधिक वर्षं आधी जाणलं होतं. माझ्या वर्गात मी हे मुलांकडून कॅल्क्युलेटरवर करवून घेतो. चार पदांच्या बेरजेची चौपट केली की २.८९५ येतं. शंभर पदं घेतली तरी ३.१३१६, म्हणजे दुसऱ्याच दशांशाला चूक. मुलं कंटाळतात. मग मी विचारतो, याच संख्या वेगळ्या क्रमाने मिळवल्या तर? सगळे म्हणतात, बेरीज तीच येणार, बाजारात सामानाचा हिशेब कुठूनही करा, तेवढाच. इथे तसं होत नाही. क्रम बदलून याच पदांची बेरीज पाच करता येते, शंभर करता येते, हवी ती करता येते. हे एकोणिसाव्या शतकात रीमानने दाखवलं. ज्या मुलाला त्या रात्री झोप लागत नाही, त्याचा अर्ज मी भरून घेतो.

भाषेचा प्रश्न उरतो. पेडणे-डिचोलीतल्या पुष्कळ मुलांची प्राथमिक शाळा मराठी, घरची बोली कोंकणी, आणि पाचवीपासून इंग्रजी. शिबिरातली भाषा इंग्रजी. फळ्यापाशी उभं राहिलं की गणिताआधी इंग्रजीच अडतं. या मुलांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. पाऊस पडला तर व्हाळ भरतो, हे एक विधान. पाऊस पडला तरच व्हाळ भरतो, हे वेगळं विधान. पाऊस नसताना धरणाचं पाणी सोडल्यावर व्हाळ भरला, तर पहिलं विधान खरं राहू शकतं, दुसरं नाही. इंग्रजीत हा फरक करायला एक शब्द जास्त लागतो आणि तरी मोठमोठी मुलं त्यात चुकतात. तुझ्या आजीला तो फरक एका 'च'मध्ये कळतो. आधी मराठीत सिद्धता लिही, मग इंग्रजीत उतरव. विचार अचूक असेल तर मोडक्या इंग्रजीला तिथे कुणी हसत नाही.

घरच्यांचा शेवटचा प्रश्न असतो, याने नोकरी मिळेल का? मी खोटं बोलत नाही. शिबिराच्या कागदावर थेट नोकरी मिळत नाही. पण आयआयटीत एम.एससी.ला प्रवेश देणारी जाम परीक्षा, पुढची नेट, संशोधनाच्या जागा, या सगळ्यांत पाठांतर फार लांब जात नाही आणि अडकल्यावर न घाबरणारं मूल पुढे जातं, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. नव्या शिक्षण धोरणाने पदवीत इंटर्नशिपला जागा दिली आहे. रसायनाचा मुलगा औषधाच्या कारखान्यात जाईल, वाणिज्याचा बँकेत. गणिताच्या मुलाची कार्यशाळा ही अशीच असते, आणि महाविद्यालयांनी या चार आठवड्यांना त्या जागी मान द्यावा असं मला मनापासून वाटतं. मुलींच्या बाबतीत घरचे जास्त अडतात. तिथे मी आईशी बोलतो. वसतिगृहाचा पत्ता, सोबतीला कोण, फोन कधी करता येईल, हे तिला आधी नीट कळलं की बहुतेक वेळा तीच वडिलांना तयार करते.

सुरुवातीला जिचा उल्लेख केला ती पेडण्याची मुलगी अशीच गेली. जूनच्या पहिल्या पावसात परतली आणि घरी सामान टाकून दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आली. वही ओली होती. म्हणाली, "सर, एक फलन आहे. प्रत्येक अपरिमेय संख्येपाशी संतत आणि प्रत्येक परिमेय संख्येपाशी तुटलेलं. ते आम्ही तिथे बनवलं, परिमेय संख्येच्या छेदावरून. मग मी विचारलं, याच्या उलट असं बनवता येईल का? परिमेयांपाशी संतत आणि अपरिमेयांपाशी तुटलेलं? त्यांनी सांगितलंच नाही. म्हणाले, घेऊन जा घरी."

या प्रश्नाचा निकाल १८८१ साली व्होल्तेराने लावला. तेव्हा तो पिसाच्या विद्यापीठात शिकणारा विशीतला विद्यार्थी होता. तिच्याहून थोडाच मोठा.

"तीन आठवडे झाले," ती म्हणाली. "दोन वेळा वाटलं जमलं, दोन्ही वेळा चुकलं. तुम्हाला माहीत आहे?"

मी हो म्हटलं, आणि दोघांपुरता चहा ठेवला. तिने वहीचं कोरं पान काढलं, वर्तमानपत्राने टिपून घेतलं, आणि पहिल्यापासून मांडायला सुरुवात केली.